अनुभव कुणी द्यायचा?

वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती मी गेली काही वर्षं नेमाने वाचते. मला स्वतःला नोकरी करायची आहे म्हणून नव्हे, या वयात कोण देणार म्हणा! पण नात्यात, शेजारात, मंदिरात भेटणाऱ्या मैत्रिणींकडे कुणाची ना कुणाची मुलगी किंवा मुलगा पदवी घेऊन घरी बसलेला असतो, आणि 'कुठे काही दिसलं तर कळवा हं' असं सांगून ठेवलेलं असतं. या जाहिरातींत पद बदलतं, पगार बदलतो, पत्ता बदलतो. एक ओळ मात्र सहसा बदलत नाही. 'अनुभवी उमेदवारांनीच अर्ज करावा.' कुठे एक वर्ष, कुठे दोन, कुठे नुसतंच 'अनुभव आवश्यक'.

बी आधी की झाड आधी, यावर पूर्वी रात्र रात्र वाद चालत. आता तोच वाद आपल्या मुलांच्या वाट्याला आला आहे. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. वाद घालणाऱ्या पंडितांना निदान दोन वेळचं जेवण तरी मिळत असे. या मुलांना वाद घालायला वेळ नाही. वर्ष उलटतं, दुसरी तुकडी पदवी घेऊन बाहेर पडते, आणि मागच्या वर्षीचे पदवीधर 'गॅप पडलेले' म्हणून आणखी एक पायरी खाली जातात.

आमच्या साखळीत हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. इथे सरकारी महाविद्यालय आहे, त्यामुळे डिचोली आणि सत्तरीच्या गावांतल्या मुली घरून बसने येऊन पदवीधर होऊ शकल्या. ज्यांच्या आया चौथीच्या पुढे गेल्या नाहीत, त्यांच्या मुली बी.ए., बी.कॉम. झाल्या. ही काही लहान गोष्ट नाही. पण त्यांच्या वडिलांची पोटं बहुतेक खाणींवर चालत होती. कुणाचा ट्रक, कुणाचं गॅरेज, कुणाची खाणावळ, कुणी यंत्रावर कामाला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे काही काळ पुन्हा सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये परत बंद पडल्या. न्यायालयाच्या निकालामागे कारणं होती. डोंगर पोखरले गेले, शेतांत गाळ आला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्यानंतर या भागातल्या घरांत एकच वाक्य ऐकू येऊ लागलं : 'आता पोरीला नोकरी लागली की झालं.' म्हणजे पूर्वी जी पदवी शोभेची होती, ती अचानक घराचा खांब झाली. आणि खांब उभा करायला जावं, तर जमीनच मिळेना.

सरकारी नोकरीचा दरवाजा तरी नवख्यांना उघडा होता. तिथे अनुभव कुणी विचारत नसे. पण २०२३ मध्ये मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत, म्हणजे आमच्याच साखळीचे आमदार, यांनी जाहीर केलं की यापुढे सरकारी नोकरीसाठीही निदान वर्षभराचा कामाचा अनुभव लागेल. शिकाऊ उमेदवारी केली असेल तर ती त्यात धरायची. यामागचा विचार अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. मुलांनी सरकारी खुर्चीची वाट पाहत पाच-पाच वर्षं घरी बसू नये, बाहेर पडून काम शिकावं, हे कुणालाही पटेल. पण यामुळे प्रश्न सुटला नाही, तो फक्त एक दार पुढे सरकला. ते पहिलं वर्ष कुठे काढायचं? ते कोण देणार?

आणि इथे माणसाची परीक्षा सुरू होते. मुलांची नव्हे, आपली.

आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. तीन माणसं कामाला. शेजारणीच्या नवऱ्याचा ट्रक खाणीवर होता, २०१८ नंतर तो विकावा लागला. मुलगी बी.कॉम., चांगल्या मार्कांनी पास. आठ-दहा ठिकाणी जाऊन आली, सगळीकडे तेच. एके दिवशी शेजारीण आली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, भाऊंच्या दुकानाच्या कागदावर तिचा दोन वर्षांचा अनुभव लिहून द्या ना. एक सही आणि एक शिक्का. कुणाचं काय जातं त्यात?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला फार मोठा वाटतो. 'कुणाचं काय जातं?' मागणारी बाई लबाड नव्हती. पंधरा वर्षं आमच्या घरी तिचं येणं-जाणं, उसन्या साखरेची वाटीसुद्धा शीग लावून परत करणारी. तिच्या मनात होतं ते एवढंच, की मुलगी हुशार आहे, काम करणार आहे, मध्ये फक्त एका कागदाची भिंत आहे. मग ती कागदानेच ओलांडली तर कुठे बिघडलं?

आपल्याकडे श्रावकाच्या सत्याणुव्रताला जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यात एक आहे कूटलेखक्रिया. खोटा लेख तयार करणं. मला नेहमी नवल वाटतं, की खोटं बोलू नये एवढं सांगून आपले आचार्य थांबले नाहीत. खोटं लिहिण्याचा त्यांनी वेगळा उल्लेख केला. ते व्यापाऱ्यांना ओळखून होते! बोललेलं खोटं बोलणाऱ्यापाशी राहतं, विरून जातं. लिहिलेलं खोटं हातोहात फिरतं, आपण झोपलेलो असतानाही ते काम करत राहतं. इथून जवळच कुडणे गावी 'गुजीर' नावाने ओळखले जाणारे जैन मंदिराचे भग्न अवशेष आहेत. तिथे गेलं की मला वाटतं, या नदीकाठी कधीकाळी आपलेच व्यापारी माल उतरवत असतील, हुंड्या लिहीत असतील. त्यांचा सगळा व्यवहार कशावर चालला असेल? लिहिलेलं खरं असतं, या एका विश्वासावरच ना?

पण नुसतं 'शास्त्रात नाही म्हटलंय' एवढ्याने आजच्या मुलीचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून 'कुणाचं काय जातं' याचा हिशेब मी मांडून पाहिला.

पहिलं, त्या दुसऱ्या मुलीचं जातं. तितकेच मार्क, तितकीच गरज, पण शेजारी दुकानदार नाही. ती खरा अर्ज घेऊन रांगेत उभी आहे आणि आपला शिक्का तिला मागे ढकलतो. ती आपल्याला दिसत नाही, म्हणून काही जात नाही असं वाटतं. दुसरं, ज्याने नोकरी दिली त्याचं जातं. त्याने दोन वर्षांच्या माणसाचा पगार ठरवला आणि त्याच्याकडे आलं नवखं माणूस. तिसरं, त्या मुलीचंच जातं. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणणार, 'जीएसटीचं रिटर्न तू भरत होतीस ना, मग हे बघ.' 'मला येत नाही, शिकवा', हे नवख्या माणसाचं सगळ्यात मोठं भांडवल. ते तिने पहिल्याच दिवशी घालवलेलं असतं. आता तिला विचारायचीही चोरी.

यावर एक उलटा मुद्दा आहे, आणि तो कच्चा नाही. नियमच जर अन्यायाचा असेल तर तो मोडण्यात पाप कसलं? बिलं टाइप करायच्या कामाला दोन वर्षांचा अनुभव कशाला हवा? खरंच नको. पण खोटा कागद त्या नियमाला मोडत नाही, उलट तो नियम पक्का करतो. विचार करून बघा. जाहिरात देणाऱ्याकडे दहा अर्ज येतात, दहाही जणांकडे दोन वर्षांचं पत्र. तो म्हणणार, 'माझी अट बरोबरच होती, अनुभवी माणसं ढिगाने मिळतात.' पुढच्या वर्षी तो तीन वर्षं मागेल. अन्यायाच्या नियमाविरुद्ध जे उघड बोलायचं, ते आपण लपून केलं की नियम तसाच राहतो आणि ज्यांना लपायला जागा नाही ते मात्र भरडले जातात.

तर आम्ही नाही म्हटलं. पण इथेच थांबलो असतो तर तो आमचा धर्म फार स्वस्तातला झाला असता. आमच्या 'नाही'ची किंमत आम्हाला काहीच पडत नव्हती, ती पडत होती त्या मुलीला. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला सत्याचा उपदेश करायचा आणि ताट घेऊन आत जायचं, याला व्रत म्हणत नाहीत. खोटा अनुभव देणार नसू, तर खरा द्यायला नको का?

यांच्याशी दोन दिवस बोलणं झालं. हे म्हणाले, "शिकवायचं म्हणजे माझा वेळ जातो. शिकून तयार झाली की जाणार. तोपर्यंतच्या चुका आपल्या खिशातून." यात काय खोटं आहे? छोट्या दुकानदाराची बाजूही बाजूच असते. अनेकान्त म्हणजे सगळ्यांना बरोबर म्हणणं नव्हे, पण प्रत्येक जण जिथे उभा आहे तिथून काय दिसतं ते बघणं. शेवटी ठरलं ते असं : चार महिने तिने यायचं, ठरलेला पगार घ्यायचा, स्टॉकचं रजिस्टर, बिलं आणि उधारीची वसुली शिकायची, आणि शेवटी जेवढं केलं तेवढंच पत्रात लिहायचं.

शेजारणीला हे आवडलं नाही. दोन वर्षं मागितली होती, मिळाले चार महिने. पुढे महिनाभर वाटीची देवघेव बंद होती. मुलगी आली, पहिले काही दिवस घुश्शातच होती. दुसऱ्या महिन्यात तिने पाइपांच्या एका बिलात जुना दर लावला, आठशे रुपये गेले. हे काही बोलले नाहीत, फक्त तिच्याकडूनच सगळी दरपत्रकं नव्याने लिहून घेतली. पत्र दिलं तेव्हा त्यात चारच महिने होते, पण त्याखाली तिने केलेल्या कामांची यादी पानभर होती. ते घेऊन ती तीन ठिकाणी गेली. दोन ठिकाणी 'चारच महिने?' म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी तिला यादीतलं एकेक काम विचारलं, आणि तिला प्रत्येकाचं उत्तर देता आलं. आज ती तिथे आहे. पगार बेताचा आहे. पण साहेबाने फाइल उघडली की तिला धडकी भरत नाही.

आता दुसरी बाजू. 'तुला अनुभव नाही ना, मग सहा महिने फुकट काम कर, शिकवतो आहोत हेच खूप,' असं म्हणणारेही कमी नाहीत. सकाळी नऊ ते रात्री आठ, काम पूर्ण माणसाचं, हातावर बसभाडं. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान सांगितला आहे. म्हणजे देताना लहान माप आणि घेताना मोठं माप. तागडी दुकानातच असते असं थोडंच आहे? घेताना पूर्ण दिवस मोजायचा आणि देताना 'तू नवखी' म्हणून अर्धा मोजायचा, हीही मापातली चोरीच. शिकताना काम कमी होतं, म्हणून मोबदला थोडा कमी, हे न्यायाचं. पण शून्य?

कायद्यानेही याची सोय केली आहे, ती आपल्या घरांत माहीत असायला हवी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि बी.ए., बी.कॉम. सारख्या पदवीधरांनाही शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याची वाट मोकळी झाली. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचं विद्यावेतन महिन्याला किमान ९,००० रुपये ठरवलं. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना असे उमेदवार घेणं बंधनकारक केलं, आणि ४ माणसांपासून पुढे कुणालाही स्वखुशीने घेता येतात. चार माणसं! म्हणजे आपल्या समाजातली किती दुकानं, किती गोदामं, किती छोटे कारखाने यात बसतात, मोजून पाहा. हा अनुभव नोंदलेला असतो, त्याला प्रमाणपत्र असतं, त्यासाठी कुणाचा शिक्का उसना मागावा लागत नाही.

आणि तिसरी वाट, जिच्याविषयी बोलायला लाज वाटते पण बोललंच पाहिजे. २०२४ च्या अखेरीस गोव्यात सरकारी नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या. फसवणाऱ्यांना शिक्षा होवो. पण पैसे देणारे कोण होते? तुमच्या-आमच्यासारखे आईबापच. सोनं मोडून, कर्ज काढून दिलेले. त्यांच्याविषयी मला कळवळा वाटतो, तरीही विचारावंसं वाटतं : काम झालं असतं, तर आपण त्याला फसवणूक म्हटलं असतं का? की पेढे वाटले असते?

आता आपल्या बायकांकडे येते. 'अनुभव' हा शब्द आपल्याला जितका छळतो तितका कुणालाच नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत आढळलं, की बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७ मिनिटं. पाच तास रोज, तीस वर्षं. आणि अर्जाच्या रकान्यात आपण काय लिहितो? 'अनुभव : काही नाही.' हेही सत्य नव्हेच! नसलेलं सांगणं जसं खोटं, तसं असलेलं पुसून टाकणं हेही अपुरं सत्य आहे. हीच सवय आपल्या मुलींना लागते. जिने तीन वर्षं शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, जिने आईच्या बचत गटाचा हिशेब लिहिला, एन.एस.एस.च्या शिबिरात चाळीस जणांच्या जेवणाची व्यवस्था पाहिली, चतुर्थीच्या बाजारात आठ दिवस स्टॉल सांभाळला, ती मुलगी मान खाली घालून म्हणते, 'मी फ्रेशर आहे.' अगं, हे लिही ना! किती महिने, किती मुलं, किती रुपयांचा हिशेब, आकड्यांसकट लिही. फुगवू नकोस आणि लपवूही नकोस. ही जपणूक म्हणजेच सत्यव्रत.

शिकणं आणि काम करणं यांच्यामध्ये ही दरी कुणी खणली, असंही कधी मनात येतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. त्यांची मुलं शिकता शिकता शेतात राबत, स्वयंपाक करत, बांधकामाला हात लावत. त्यांना बाहेर पडल्यावर 'अनुभव आहे का' असं कोण विचारणार होतं? आणि त्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, हे आपल्या समाजातल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. सोनं त्यांनीही मोडलं आणि नोकरीसाठी पैसे भरणाऱ्या आईनेही मोडलं. एकीने परक्यांची मुलं उभी राहावीत म्हणून, दुसरीने परक्यांच्या मुलांना ओलांडून आपलं पुढे जावं म्हणून. दोघींचीही माया खरीच, पण फरक आपल्याला दिसायला हवा. किर्लोस्करवाडीचंच बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तुरुंगात जाऊन आलेल्या तुकाराम रामोशाला रखवालदार नेमलं. ज्याचा अनुभव चोरीचा, त्याच्यावर राखणीचा विश्वास! मग ज्याच्या पाटीवर अजून काहीच लिहिलेलं नाही, त्याला भ्यायचं कशाला?

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, त्यानंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या. एवढे अनुभवी शिक्षक आणायचे कुठून? नवख्यांनाच उभं केलं. ते शिकवता शिकवता शिकले, चुकत चुकत गुरुजी झाले, आणि त्यांनी पिढ्या घडवल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेलीच मंडळी आज निवड समितीवर बसून विचारतात, 'अनुभव काय?'

आज जो जो अनुभवी आहे तो कधीतरी नवखा होता. कुणीतरी त्याला दार उघडलं, त्याचं नुकसान सोसलं, त्याला दुसऱ्यांदा समजावून सांगितलं. ते ऋण ज्याचं त्याला फेडता येत नाही, कारण तो माणूस बहुधा आपल्या पुढे निघून गेलेला असतो. ते मागून येणाऱ्यालाच द्यावं लागतं. 'अनुभवीच हवा' असं म्हणणारा मालक दुसऱ्याने लावलेल्या झाडाची फळं मागतो. सगळ्यांनीच फळं मागितली, तर लावायचं कुणी?

पर्युषणात आपण उपवास करतो, दान देतो, स्वामिवात्सल्याची जेवणं घालतो. चांगलंच आहे. त्यात एका गोष्टीची भर घालता येईल का? आपल्या घरच्या दुकानात, दवाखान्यात, कारखान्यात वर्षाला एका नवख्या मुलीला किंवा मुलाला पगार देऊन काम शिकवायचं. जातीतलाच हवा असं नाही. आणि जाताना खरं पत्र द्यायचं. दुकानाचे निर्णय पुरुष घेतात म्हणून आपण गप्प बसायचं कारण नाही. रात्री जेवताना विषय काढता येतो. आमच्याकडे यंदा दुसरी मुलगी येते आहे, सत्तरीच्या गावातली, बी.ए. झालेली. तिला कॉम्प्युटर नीट येत नाही. हे म्हणाले, "पुन्हा आठशे रुपये जाणार." मी म्हटलं, "जातील." आणि त्यांनी दरपत्रकाची जुनी वही काढून ठेवली.